शारजातले बिऱ्हाड

कोकणातल्या मुस्लिम गावांत आखाताची गोष्ट बहुधा पुरुषांच्या तोंडून ऐकायला मिळते. कोण कधी गेला, कुठल्या कंपनीत लागला, किती वर्षे काढली, येताना काय घेऊन आला. मागे राहिलेल्या बाईची गोष्ट चुलीजवळच राहते. आणि जी बाई दहा-बारा वर्षांनी घराला कुलूप लावून, मुलांना घेऊन नवऱ्याकडे राहायला जाते, तिला लोक एवढेच म्हणतात, "नशीब काढलंस."

नशीब काढले हे खरेच, अल्हम्दुलिल्लाह. पण बिऱ्हाड हलवणे म्हणजे नेमके काय, ते पुढे जाणाऱ्या बहिणींना ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठच्या एका गावचे. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवत होतो. मुलांचे अब्बा दुबईत एका कंपनीच्या गोदामात हिशेबाचे काम पाहतात. अकरा वर्षे ते तिकडे एकटे होते. दोन वर्षांतून एकदा, महिनाभर रजेवर यायचे. पगार वाढला, तसे त्यांनी शारजात दोन खोल्यांचे घर बघितले आणि आम्ही शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मुलांसह निघालो. तेव्हा मुलगी सहावीत जाणार होती, मुलगा दुसरीत. आता इथले तिसरे वर्ष चालू आहे.

ओळखीचा समुद्र

आमच्या पिढीला शारजा हे नाव कळले ते क्रिकेटमुळे. 1986 साली जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार आणि 1998 साली वाळूच्या वादळानंतरची सचिन तेंडुलकरची खेळी, दोन्ही शारजाच्याच मैदानावरच्या. गावात रेडिओभोवती आणि नंतर टीव्हीभोवती जमलेल्या माणसांसाठी शारजा म्हणजे एक हिरवे मैदान आणि त्याभोवती वाळू.

पण कोकणाचा या किनाऱ्याशी संबंध क्रिकेटच्या फार आधीचा आहे. आमच्याकडची माणसे पूर्वी मुंबई बंदरातून जहाजांवर खलाशी म्हणून जात. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात बांधकामे सुरू झाली, तेव्हा तीच माणसे, त्यांची मुले, पुतणे इकडे वळले. आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. या किनाऱ्यावर एके काळी आपलाच रुपया चालत होता. 1959 साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 साली रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा इथल्या राज्यांनी तो सोडून दिला. आजचा दिरहम 1973 चा. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीतला माणूस इथे आला असता, तर त्याच्या खिशातले पैसे बदलून घ्यावे लागले नसते.

कागदांचा प्रवास

माणसांच्या आधी कागद प्रवास करतात. मुंबईहून शारजा विमानाने तीन तासांवर आहे. आमच्या निकाहाच्या दाखल्याला मात्र तेवढ्याच वाटेसाठी तीन महिने लागले.

आपल्याकडे काझीसाहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा घरात जपून ठेवलेला असतो. परदेशाच्या कामाला तेवढा पुरत नाही. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करून निबंधकाचा दाखला घ्यावा लागतो. मग त्यावर राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाची, मग संयुक्त अरब अमिरातीच्या वकिलातीची आणि इथे पोचल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याची. शेवटी अधिकृत भाषांतरकाराकडून अरबी तर्जुमा. मुलांच्या जन्मदाखल्यांनाही हीच वाट चालावी लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, तीही निघण्यापूर्वी घेतलेली बरी.

या सगळ्यात अडचण येते ती नावाची. आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक दाखल्यावर वेगळे असते. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. कुठे बापाचे नाव मधोमध, कुठे गायब. बाईचे माहेरचे नाव आधार कार्डावर, सासरचे पासपोर्टावर. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर तिच्या अब्बांच्या नावात एक अक्षर जास्त होते. ते दुरुस्त होईपर्यंत पुढचे काही हलेना. पाहुणे जमवून लग्नाची तयारी करतो तसे एका दुपारी घरातले सगळे कागद पसरून बसावे आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे.

इकडे येणाऱ्या कुटुंबाचा व्हिसा कमावत्या माणसाच्या व्हिशावर उभा असतो. त्याचा पगार किमान चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, अशी अट 2019 पासून आहे. अठरा वर्षांवरच्यांची इथे वैद्यकीय तपासणी होते, त्यात रक्त आणि छातीचा एक्स-रे बघतात. लहान मुलांना ती नाही. मग अमिराती ओळखपत्र मिळते. सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिल्यास हा व्हिसा सहसा रद्द होतो. आणि कमावत्याची नोकरी गेली, तर सगळ्या घराची मुदत मोजायला लागते. हे वाक्य कोणी मुद्दाम सांगत नाही, पण इथल्या प्रत्येक घरात ते माहीत असते. भिंतीवर खिळा ठोकतानासुद्धा.

पडलेल्या वडाचे गाव

शारजाचा जुना मध्यवर्ती भाग म्हणजे रोला. पहिल्यांदा हे नाव ऐकले तेव्हा वाटले, एखाद्या इंग्रज साहेबाचे असेल. पण रोला हे एका झाडाचे नाव. तिथे वडाचे मोठे झाड होते. ईदला लोक त्याच्या सावलीत जमत, पोरे फांद्यांना झोपाळे बांधत. 1978 साली ते कोसळले. आज तिथे बाग आहे आणि नाव तेवढे राहिले आहे. आपल्याकडे वड म्हणजे रोजचीच गोष्ट. गावागावांत पार असतोच. वाळूच्या देशात मात्र एका वडाने सगळ्या वस्तीला नाव दिले.

रोल्यात संध्याकाळी चालताना कानावर इतक्या बोली पडतात की आपण कुठल्या देशात आहोत ते विसरायला होते. मल्याळम सगळ्यांत जास्त. मग पेशावरची उर्दू, लाहोरची पंजाबी, ढाक्याची बंगाली, हैदराबादची दखनी. भाजीवाला हिंदीत बोलतो, टॅक्सीवाला उर्दूत. पहिल्या आठवड्यात आमच्या मुलाने विचारले, "अम्मी, इथे अरब लोक कुठे राहतात?"

मासळीच्या बाजाराने आम्हांला पहिला धीर दिला. जुबैल बाजारात मासळीचा मोठा थंडगार विभाग आहे. तिथे सुरमई 'कनअद' या नावाने मिळते, पापलेटला 'जुबैदी' म्हणतात आणि इथल्या लोकांचा लाडका मासा म्हणजे 'हामूर'. कोकणी बाईला मासळीची पारख करायला भाषा लागत नाही. कल्ले उचलून बघितले की विकणाराही समजतो की ही बाई समुद्राकाठची आहे.

खालीद खाडीच्या काठावर अल नूर मशीद आहे, तुर्की धाटणीची, 2005 साली बांधलेली. संध्याकाळी दिवे लागले की तिचे घुमट पाण्यात दिसतात. इथल्या बहुतेक मशिदींत बायकांना नमाजासाठी वेगळी जागा आहे. आमच्या गावच्या मशिदीत आम्ही कधी पाऊल ठेवले नव्हते. इथे बाजारातून येताना मगरिबची अजान झाली, तर पिशव्या दाराशी ठेवून आत जाऊन नमाज अदा करता येते. आपल्याकडे शाफई पद्धतीने असरची नमाज लवकर होते, इथेही तीच वेळ, त्यामुळे आम्हांला वेगळे काही वाटले नाही. लखनौच्या शेजारणीला मात्र अजून ती वेळ लवकरच वाटते.

शहरातला किंग अब्दुल अझीझ रस्ता म्हणजे एके काळची विमानाची धावपट्टी. 1932 साली इंग्रजांची विमाने हिंदुस्तानाच्या वाटेवर इथे मुक्कामाला उतरत. त्या जुन्या विमानतळाचे आता संग्रहालय झाले आहे. मुलांना तिथे नेले तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हणजे पूर्वी लोक इथे फक्त थांबायचे?" आम्ही हो म्हणालो. मनात आले, अजूनही बहुतेक जण थांबलेलेच आहेत. इथे चाळीस वर्षे काढलेला माणूससुद्धा 'मी राहतो' म्हणत नाही, 'मी असतो' म्हणतो.

एका छताखाली

आता ज्यासाठी निघालो होतो त्याबद्दल.

अकरा वर्षांत मुलांचे आणि त्यांच्या अब्बांचे नाते फोनवर वाढले. पूर्वी गावात आखातातून आवाज भरलेल्या कॅसेटी येत. आमच्या मुलांच्या वाट्याला चित्राचा फोन आला. मुलाने पहिला दात पडलेला फोनसमोर धरून दाखवला, मुलीने पारितोषिक दाखवले. रात्रीच्या त्या वीस मिनिटांत कोणी रागावत नसे, कोणी रुसत नसे. आणि रजेवर आलेला बाप हा पाहुणाच. गावात सगळे त्याला दोनच प्रश्न विचारतात: कधी आलात आणि कधी जाणार?

शारजात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाने तोच प्रश्न विचारला. "अब्बा, तुमची सुट्टी किती दिवसांची?" त्याच्या हिशेबात अब्बा घरी असणे म्हणजे सुट्टी. आणखी काही दिवसांनी त्याला शाळेतले काही सांगायचे होते. अब्बा पलीकडच्या खोलीत होते. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "अम्मी, अब्बांना फोन लाव ना." आम्ही हसलो. त्याचे अब्बा हसले नाहीत. उठून आले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

त्यांनाही शिकावे लागले. अकरा वर्षे ते 'बेड स्पेस'मध्ये राहिले होते. एका खोलीत सहा माणसे, प्रत्येकाची एक खाट, खाटेखाली एक बॅग, फ्रिजमध्ये एक कप्पा. मुंबईतल्या आपल्या गावकऱ्यांच्या खोल्यांसारखेच, फक्त समुद्रापलीकडे. अशा खोलीत माणूस हळू बोलायला शिकतो, दिवा चालू असताना झोपायला शिकतो, स्वतःचे ताट धुऊन वेगळे ठेवतो. घर मिळाल्यावरही महिनाभर ते दुधाच्या बाटलीवर पेनाने आपले नाव लिहीत होते. मुलांनी आवाज केला की दचकून दाराकडे बघत, कोणी तक्रार करील म्हणून.

पहिल्यांदा त्यांनी मुलीला मोबाइलवरून रागावले, तेव्हा तिने आमच्याकडे पाहिले. 'यांना हा हक्क आहे का?' असा तो पाहणे होता. अकरा वर्षे घरातली परवानगी आमच्याकडून मिळत होती. सहलीला जायचे, मैत्रिणीकडे जायचे, सगळे आम्हांला विचारायचे. आता एका घरात दोन दारे झाली. इथे बाईने काय करावे, याला कुठल्या बीएडच्या पुस्तकात धडा नाही. आम्ही एवढेच ठरवले की मुलीने विचारले की उत्तर द्यायचे, "अब्बांना विचार." आधी ती विचारायला जायचीच नाही, नको ती सहल, म्हणायची. पाच-सहा महिन्यांनी एकदा आम्हांला न विचारता थेट त्यांच्याकडे गेली. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो आणि, खरे सांगायचे तर, आनंदाबरोबर थोडे दुखलेही. इतकी वर्षे एकटीने धरलेला दोर हातातून सुटतो, तेव्हा हाताला ओझे गेल्यासारखेही वाटते आणि रिकामेही.

तरी एक हिशेब आधी कोणी सांगत नाही. शारजात घरभाडे दुबईपेक्षा कमी, म्हणून कामाला दुबईत आणि राहायला शारजात असे हजारो लोक आहेत. रोज सकाळी ते सगळे एकाच वेळी निघतात. इत्तिहाद रस्त्यावरची गर्दी इथल्या बोलण्यात रोज येते, जशी आपल्याकडे पावसात कशेडी घाटाची. मुलांचे अब्बा फजर पढून निघतात, परत येतात तेव्हा इशा झालेली असते. शारजातल्या शाळांना 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी. त्यांना फक्त रविवार. म्हणजे एका छताखाली येऊनही बाप-मुलांच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस आणि रोजचा तास-दीड तास येतो. एवढ्यासाठी घर हलवावे का? आम्ही हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. उत्तर असे की तो तास फोनवरचा नसतो. त्या तासात बाप दमलेला दिसतो, चिडलेला दिसतो, जेवताना झोपलेला दिसतो. पैसे कुठून येतात हे मुलांना तेव्हा कळले. गावात असताना ते बँकेतून येत होते.

शाळा आणि चार भाषा

इथल्या भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, जुलै-ऑगस्ट सुट्टी. महाराष्ट्रात परीक्षा एप्रिलमध्ये आणि शाळा जूनमध्ये, त्यामुळे येणाऱ्या मुलाचे सुरुवातीचे आठवडे हुकतात. प्रवेशाची चौकशी आधीच्या हिवाळ्यात सुरू करावी. फी हप्त्याने, बसचे पैसे वेगळे. घरभाडे वर्षाच्या हिशेबाने, पुढच्या तारखांचे चेक देऊन. हे दोन खर्च पगारातून वजा करूनच यायचे की नाही ते ठरवावे.

उर्दू माध्यमातून इंग्रजीत गेलेल्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. आमच्या मुलीला गणित येत होते, प्रश्न समजत नव्हता. वर्गात अरबी सक्तीची, मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षणही सक्तीचे. तिथे तिला थोडा आधार मिळाला, कारण उर्दू वाचणाऱ्याला अरबी पाटी वाचता येते. पण वाचता येणे वेगळे आणि समजणे वेगळे. अरबीत पे नाही, चे नाही, गाफ नाही. पेप्सीच्या बाटलीवर अरबीत 'बीबसी' लिहिलेले असते, हे मुलाने शोधून काढले आणि आठवडाभर घरात सगळ्यांना 'ब' लावून बोलला. आपला 'कडक' चहा इथे 'करक' झाला आहे.

एक दिवस त्याने पाटीवर 'अल-इमारात' वाचले आणि म्हणाला, "इथे एवढ्या इमारती आहेत म्हणून देशाचे नाव तसे पडले." आमच्यातली मास्तरीण जागी झाली. इमारत ऐनने लिहितात, इमारात अलिफने. एकाचे मूळ बांधणे, दुसऱ्याचे मूळ अमीर. त्याला ते फारसे पटले नाही. खिडकीतून बघितले तर त्याचेच बरोबर वाटते.

शब्दांची अशी गंमत रोज होते. आपली 'रक्कम' म्हणजे पैसा. इथे 'रकम' म्हणजे नंबर. दुकान, साबण, कलम, तारीख, हिशेब हे शब्द मराठीतही आहेत आणि इथेही. पण एका शब्दापाशी आम्ही थांबलो. मुलीच्या अरबीच्या पुस्तकात 'गरीब' असा शब्द आला आणि अर्थ दिला होता 'परका, अनोळखी'. अरबीत गरीब म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो नव्हे, जो आपल्या ठिकाणापासून दूर आहे तो. प्रवास करता करता तो शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ बदलला. मुलीने विचारले, "मग आपण इथे गरीब आहोत का?" आम्ही म्हणालो, अरबीत आहोत, मराठीत नाही.

शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी, उर्दू किंवा मल्याळम घेता येत होती. मराठी नव्हती. आम्ही उर्दू घेतली आणि मराठी घरी शिकवायला बसलो. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी 'सुलभभारती' असते, तेच आम्ही शुक्रवारी सकाळी काढतो. लोक विचारतात, "इथे मराठीचा काय उपयोग?" उपयोग पुढे आहे. तलाठ्याच्या कचेरीत, एसटीच्या पाटीवर, सातबाऱ्यावर मराठी असते. परत जायचे आहे ते त्या पाट्यांच्या गावात. ज्या मुलाला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नाही, तो आपल्याच गावात अरबी अर्थाने गरीब होतो.

दादीची ईद

मुलांच्या दादी गावी आहेत. आईवडिलांना कायम इथे आणायचे तर पगाराची अट फार वरची आहे, ती आमच्या आवाक्यातली नाही. आणि त्यांनाही यायचे नाही. सोबत आमची नणंद राहते, शेजारपाजार आहे. तरी आमच्या जाण्याने घर त्यांच्यासाठी रिकामे झाले, हे कोणत्याही गोड शब्दाने झाकण्यासारखे नाही. मुलांना बाप मिळाला तो दादीच्या वाट्यातून.

अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण कॉल लागत नाही. त्यासाठी इथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरतात. निघण्यापूर्वीच ते दादींच्या फोनवर घालून, कसे उचलायचे ते मुलीने शिकवले. ते फार बरे झाले. घरी पोचल्यावर फोनवरून बटणे समजावत बसावे लागले नाही.

रमजानमध्ये शारजा वेगळे शहर होते. कामाचे तास दोनने कमी होतात, इफ्तारच्या वेळी तोफ वाजते, मशिदींच्या बाहेर तंबूत हजारो मजूर एका दस्तरखानावर बसतात. मुलांचे अब्बा त्या महिन्यात लवकर येतात. बाकी अकरा महिन्यांत नाही मिळत तेवढे आम्ही चौघे त्या एका महिन्यात एकत्र बसतो.

पण चाँद इथे बहुतेक वेळा एक दिवस आधी दिसतो. आमची ईद, तेव्हा गावाचा रोजा. पहिल्या वर्षी मुले नवे कपडे घालून फोनवर आली आणि म्हणाली, "दादी, ईद मुबारक!" दादी म्हणाल्या, "आमची उद्या आहे रे. माझ्या तोंडात रोजा आहे." मुलाने हातातला शीरखुर्मा पटकन फोनपासून लांब ठेवला, दादींना दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच कपडे घातले आणि पुन्हा फोन लावला. तेव्हापासून आमच्या घरी दोन ईदा असतात.

निघण्यापूर्वी

आमच्यासारखे निघण्याच्या विचारात असलेल्या घरांसाठी थोडे सांगतो.

किती वर्षांसाठी जायचे, ते निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. मुलांच्या शिक्षणाचे दोन उंबरठे आहेत. सीबीएसईत नववीला बोर्डाची नोंदणी होते, नंतर शाळा बदलणे अवघड जाते. आणि मुलाला पुढे महाराष्ट्रात डॉक्टरीला राज्याच्या कोट्यातून घालायचे मनात असेल, तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून करण्याची अट लक्षात ठेवावी. आमची मुलगी येत्या वर्षी नववीत जाईल. त्यामुळे आमच्या घरी सध्या रोज रात्री हीच चर्चा असते.

बाईची नोकरी असेल तर राजीनाम्यापूर्वी रजेचे नियम वाचावेत. इथल्या शाळांत शिकवायचे तर पदवी आणि बीएड दोन्ही साक्षांकित लागतात, म्हणून ते कागदही याच फेरीत करून घ्यावेत. पहिला उन्हाळा घरात बसून काढायची तयारी ठेवावी. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी उन्हात काम करायला मजुरांनाही कायद्याने बंदी असते, यावरून ऊन काय असेल ते समजावे. शेजारणीचे दार पहिल्याच आठवड्यात वाजवावे. आमच्या दारावर मल्याळी बाईने थाळीत पत्तिरी ठेवून वाजवले नसते, तर पहिला महिना फार लांब गेला असता.

आणि मुलांच्या बापाकडून लगेच बापासारखे वागण्याची अपेक्षा करू नये. तोही नव्या घरी आलेला असतो. विमानतळावर सगळे गळ्यात पडतात, फोटो निघतात. खरी भेट नंतर होते, हळूहळू. कुणाच्या तापाच्या रात्री, गणिताच्या वहीवर, रविवारी मासळी साफ करताना.

परवा वर्गशिक्षिकेने मुलीला फॉर्मवर लिहायला सांगितले, 'वडील कुठे राहतात?' गावच्या शाळेत ती या रकान्यात दर वर्षी 'दुबई' लिहायची. या वेळी तिने लिहिले, 'घरी'. बाई म्हणाल्या, पूर्ण पत्ता लिही. तिने तो घरी येऊन अब्बांना विचारला.

नववीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कदाचित येत्या एप्रिलपूर्वी आम्ही दोघी परत निघू, कदाचित चौघेही आणखी दोन वर्षे थांबू. जो निर्णय होईल तो या वेळी चार माणसे एका चटईवर बसून घेतील आणि पाचव्या, दादी, फोनवर असतील. रोजगारासाठी विखुरलेल्या प्रत्येक घराला अल्लाह एवढे तरी नशीब देवो. आमीन.